गाणारा एक, बोलणारे हात दुसऱ्याचे

पावण्यात नाट्यगृह नाही. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने पसरलेल्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातलं हे गाव. इथल्या माणसाला नाटक बघायचं तर वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह गाठावं लागतं. ज्यांचं नाव त्या वास्तूला आहे त्या विष्णुदासांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं आणि मराठी रंगभूमी सुरू झाली, हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं. पण ते नाटक रंगमंचावर चालायचं कसं, हे फारसं कुणी सांगत नाही. सूत्रधार आणि त्याचे साथीदार पदं म्हणायचे. सीता किंवा रावण झालेला नट त्या पदांवर हावभाव करायचा, नाचायचा, आणि मग प्रसंग पाहून पदरचं गद्य बोलायचा. आवाज एकाचा, देह दुसऱ्याचा. प्रेक्षकाला त्यात काही खटकत नव्हतं.

कर्णबधिर आणि ऐकू येणारे नट एकत्र घेऊन, खुणांच्या भाषेत संगीत नाटक करता येईल का, असा प्रश्न आज कुठल्या नाट्यसंस्थेत काढला तर समोरचा एक तर ओशाळून हसतो, नाहीतर ‘वा, फार मोठं कार्य आहे’ म्हणून हात जोडतो. दोन्हींतून विषय टळतो. जगात असं नाटक झालं आहे, व्यावसायिक रंगमंचावर झालं आहे, आणि तिकिटं विकून झालं आहे. महाराष्ट्रात त्याचे तुकडे इकडेतिकडे विखुरलेले आहेत, अख्खं नाटक मात्र झालेलं दिसत नाही. ते तुकडे जुळवायला आपल्याच रंगभूमीच्या जुन्या सवयी फार उपयोगी पडतील, असं मला वाटतं.

या सवयी मोडल्या कधी, ते पाहण्यासारखं आहे. १८८० च्या सप्टेंबरात इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांना शिकवणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ६ ते ११ सप्टेंबर अशी ती चालली आणि ठराव झाला की शाळांमधून खुणांची भाषा हद्दपार करायची, मुलांना ओठ वाचायला आणि तोंडाने बोलायलाच शिकवायचं. ज्यांच्या हातांवर बंदी घातली जात होती त्यांच्यापैकी त्या प्रतिनिधींत अवघा एक जण होता. त्यानंतर सात आठवड्यांनी, ३१ ऑक्टोबरला, पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगमंचावर आणले. दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण किर्लोस्करांनी सूत्रधाराच्या तोंडची पदं काढून पात्रांच्या तोंडी घातली. जो दुष्यंत तोच गाणारा. तिथून पुढे भाऊराव कोल्हटकर, केशवराव भोसले, बालगंधर्व, दीनानाथ अशी गायक नटांची परंपरा उभी राहिली आणि आवाज व देह एकाच माणसाचे असले पाहिजेत ही आपली पक्की समजूत झाली. मिलानचं वारं तोवर जगभर पसरलं होतं. मुंबईत माझगावला बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने १८८५ च्या सुमारास देशातली पहिली कर्णबधिर शाळा निघाली. पुढे आपल्याकडच्या बहुतेक शाळांत वाचा-शिक्षणालाच मान राहिला; वर्गात हात मांडीवर ठेवायचे आणि वसतिगृहात आल्यावर मोकळे सोडायचे, अशा दुहेरी वातावरणात मुलांच्या पिढ्या वाढल्या. मिलानचे ते ठराव याच शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने व्हँकूवरला रीतसर फेटाळले ते २०१० साली, म्हणजे १३० वर्षांनी.

अमेरिकेत याची नाटकातली भरपाई आधी सुरू झाली. १९६७ साली कनेक्टिकटमध्ये डेव्हिड हेज या नेपथ्यकाराने ‘नॅशनल थिएटर ऑफ द डेफ’ उभं केलं. बर्नार्ड ब्रॅग हा कर्णबधिर नट त्याच्या पहिल्या फळीत होता. १९८० साली ‘चिल्ड्रन ऑफ अ लेसर गॉड’ ब्रॉडवेवर आलं आणि त्यातल्या फिलिस फ्रेलिक या कर्णबधिर अभिनेत्रीला टोनी पुरस्कार मिळाला. पण ती गद्य नाटकं. संगीत नाटकाला हात घातला तो लॉस एंजेलिसच्या ‘डेफ वेस्ट’ या संस्थेने. एड वॉटरस्ट्रीट यांनी ती १९९१ साली काढली, आणि तिचं ‘बिग रिव्हर’ २००१ साली आधी घरच्या रंगमंचावर, मग २००३ साली ब्रॉडवेवर झालं.

‘बिग रिव्हर’ म्हणजे मार्क ट्वेनच्या हकलबेरी फिनची गोष्ट. हक झालेला टायरोन जिओर्दानो कर्णबधिर. त्याचा आवाज होता डॅनियल जेन्किन्स याचा, आणि जेन्किन्स रंगमंचावर स्वतः मार्क ट्वेन म्हणून उभा. म्हणजे लेखकच आपल्या पात्राला आवाज देतो आहे. ही क्लृप्ती नुसती सोयीची नाही, तिच्यात अर्थ आहे. हकच्या दारुड्या बापाचं काम तर दोघांनी मिळून केलं, एक खुणा करणारा आणि एक बोलणारा, दोघे एकाच वेळी रंगमंचावर, जणू एकच माणूस दुहेरी दिसतो आहे. हकचा सोबती जिम झालेला नट मात्र ऐकू येणारा होता आणि तो स्वतःच गायचा, स्वतःच खुणा करायचा. म्हणजे एका नाटकात तीन निरनिराळ्या जोडण्या. आणि एका गाण्यात सगळा कोरस गाता गाता एकदम थांबतो, वाद्यं थांबतात, आणि गाणं तसंच पुढे चालू राहतं, फक्त हातांवर. त्या ओळी कानांनी ऐकणाऱ्या प्रेक्षकाला आता काहीच ऐकू येत नाही. ज्याला कधीच ऐकू येत नव्हतं त्याचं काहीच बिघडत नाही. आवाजाची वजाबाकी करून नाट्य उभं करण्याची ही कल्पना पुढे ‘कोडा’ या २०२१ च्या चित्रपटातही आली. त्यात बापाचं काम करून ऑस्कर मिळवणारा ट्रॉय कॉट्सर हा ‘बिग रिव्हर’मधल्या त्या दुहेरी बापापैकी खुणा करणारा अर्धा होता.

दुसरं मोठं नाटक ‘स्प्रिंग अवेकनिंग’. डेफ वेस्टने ते २०१४ साली लॉस एंजेलिसला आणि २०१५ साली ब्रॉडवेवर केलं. दिग्दर्शक मायकेल आर्डन. मूळ कथा १८९१ च्या जर्मनीतली, पोरांना काही न सांगणाऱ्या मोठ्यांची. आर्डनने तिला मिलानचा संदर्भ जोडला. शाळेतली काही मुलं कर्णबधिर, आणि मास्तर त्यांनी तोंडाने बोलावं म्हणून हटून बसलेले. सुरुवातीलाच नायिका एका रिकाम्या आरशाच्या चौकटीपुढे उभी राहते. चौकटीच्या पलीकडे तिचं प्रतिबिंब म्हणून तिला आवाज देणारी गायिका, गळ्यात गिटार. कर्णबधिर नटाला त्याचा आवाज कुठून येतो हे लपवायचं नाही, दाखवायचं, हा यातला मुख्य निर्णय. मला तो विष्णुदासांच्या फार जवळचा वाटतो. सूत्रधारही विंगेत लपत नसे.

हे सगळं बसवायला काय लागतं, याची माहिती जास्त कामाची आहे. कर्णबधिर नट ‘कंपनांनी संगीत ऐकतात’ असं म्हणायची पद्धत आहे. त्यात अर्धंच सत्य आहे. ढोलाचा किंवा मोठ्या स्पीकरचा खालचा नाद लाकडी फळ्यांच्या रंगमंचावर पायांना जाणवतो, पण त्याच्या भरवशावर कोणी दोन तासांचं नाटक करू शकत नाही. खरं काम चालतं मात्रा मोजण्यावर आणि नजरेवर. समोरच्या नटाने श्वास घेतला की माझी ओळ. तिने ओंजळ सोडली की माझा प्रवेश. पाठीमागून जाणारा नट जाता जाता खांद्याला स्पर्श करतो, एखादा दिवा मंद होतो, कुणी तरी विशिष्ट ठिकाणी पाऊल ठेवतो, असे शंभर इशारे हालचालींत बेमालूम विणलेले असतात. प्रेक्षकाला ते नाच वाटतात. शिवाय प्रेक्षागृहात बसून खुणा नीट दिसतात का, अर्थ लागतो का हे बघणारी कर्णबधिर माणसं तालमीत पहिल्या दिवसापासून असतात. तिकडे त्यांना साइन मास्टर म्हणतात. आपल्याकडे नृत्यदिग्दर्शक असतो, फाइट मास्टर असतो. हे पद अजून आपल्या श्रेयनामावलीत नाही.

आता महाराष्ट्रात येऊ.

कर्णबधिर मुलांना घेऊन मराठीत सातत्याने नाटक करणाऱ्यांत पहिलं नाव घ्यावं लागतं कांचन सोनटक्के यांच्या मुंबईच्या ‘नाट्यशाला’चं. १९८१ पासून ही संस्था कर्णबधिर, अंध, मतिमंद अशा मुलांबरोबर नाटक करते आहे. नाटक हे शिकण्याचं माध्यम, असा तिचा आग्रह आहे. मुलांना धीट करणं, एकत्र आणणं, शिक्षकांना नाट्यतंत्र शिकवणं हे काम मोठंच. त्यातून एक पिढी रंगमंचाला सरावली. राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची दिव्यांग बालनाट्य स्पर्धाही आता भरते. पण ही सगळी शाळेतली रंगभूमी. मूल अठरा वर्षांचं झालं, शाळा सुटली की नाटकही सुटतं. या मुलांनी मोठेपणी नट म्हणून पोट भरावं, असा रस्ता पुढे कुठे निघत नाही.

दुसरा तुकडा वरोऱ्याचा. आनंदवनात डॉ. विकास आमटे यांनी २००२ साली ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद उभा केला. गाणारे-वाजवणारे अंध, नाचणारे कर्णबधिर, शिवाय कुष्ठमुक्त आणि अस्थिव्यंग असलेले कलाकार. ज्याला दिसत नाही तो सूर धरतो, ज्याला ऐकू येत नाही तो त्यावर पाय धरतो, जोडीला जोडी. हा कार्यक्रम गावोगाव झाला, लोकांनी तिकीट काढून पाहिला. त्याचं मोल मला कमी करायचं नाही. पण त्याचा साचा वाद्यवृंदाचा आहे. गाण्याचे शब्द काय म्हणतात हे प्रेक्षागृहातल्या कर्णबधिर माणसाला सांगायची जबाबदारी या साच्यावर नसते. शाळांच्या स्नेहसंमेलनांत तर ही गोष्ट फारच ठळक दिसते. हिंदी गाणं मोठ्याने लागलेलं, मुलं रांगेत अचूक नाचताहेत, आणि रंगमंचाच्या खाली, पहिल्या रांगेपुढे बाई उकिडव्या बसून बोटांनी आकडे मोजून दाखवताहेत. टाळ्या पडतात त्या ‘ऐकू येत नसून किती ताल!’ या आश्चर्याच्या. नाच ऐकू येणाऱ्यांसाठी, गाणं ऐकू येणाऱ्यांचं, आश्चर्यही त्यांचंच.

अस्ताद देबू यांनी यातून वाट काढली होती. मुंबईत राहणाऱ्या या नर्तकाने १९८० च्या दशकाअखेर कोलकात्याच्या ‘अ‍ॅक्शन प्लेयर्स’ या कर्णबधिर नटांच्या संस्थेबरोबर काम सुरू केलं, पुढे चेन्नईच्या क्लार्क शाळेतल्या मुलींबरोबर, आणि त्या मुलींना घेऊन ते २००५ साली मेलबर्नच्या कर्णबधिरांच्या ऑलिंपिकमध्येही गेले. देबूंच्या रचना गाण्याच्या शब्दांवर उभ्या नव्हत्या. देह, संथ लय आणि नजर एवढ्यावर त्या उभ्या होत्या. त्यामुळे त्यांच्या नर्तकींकडे कोणी दयेने पाहिलं नाही. २०२० च्या डिसेंबरात ते गेले. त्यांचं काम नृत्याचं. नाटकवाल्यांनी त्यातून काही उचललं असं दिसत नाही.

चित्रपटांचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे मला फारसं हाती लागत नाही. गुलजारांचा ‘कोशिश’ १९७२ चा, संजय लीला भन्साळींचा ‘खामोशी: द म्युझिकल’ १९९६ चा. ‘खामोशी’ गोव्यात घडतो. कर्णबधिर आईबाप आणि गाणारी मुलगी. नाना पाटेकर आणि सीमा बिस्वास यांनी आईबापाची कामं जीव ओतून केली. पण ज्यांची गोष्ट त्यांच्यातलं कोणी प्रमुख भूमिकेत नाही, आणि नावातच ‘म्युझिकल’ असलेल्या या चित्रपटातली गाणी आईबापांच्या भाषेत नाहीत. २०१७ साली राष्ट्रगीत भारतीय खुणांच्या भाषेत चित्रित झालं, गोविंद निहलानींच्या दिग्दर्शनाखाली, अमिताभ बच्चन आणि कर्णबधिर मुलांसह. तीन-साडेतीन मिनिटांचंच काम, पण गाण्याचे शब्द हातांवर आणायचे तर काय करावं लागतं याचा सगळ्या देशाने पाहिलेला तो नमुना.

इथे भाषेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण नाटकवाल्यांचा घोटाळा इथेच होतो. भारतीय खुणांची भाषा म्हणजे हातांनी केलेली मराठी नव्हे, आणि मूकाभिनय तर मुळीच नव्हे. तिला स्वतःचं व्याकरण आहे. प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी येतो. हो-नाही प्रश्न भुवया उंचावून होतो. कोण कुठे बसलं आहे हे एकदा हवेत नेमून दिलं की पुढे नुसती नजर तिकडे वळवली तरी ‘तो’ कळतो. १९७० च्या दशकाअखेरीपासून मदन वसिष्ठ आणि जेम्स वुडवर्ड यांनी दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळूर इथल्या खुणांचा अभ्यास केला तेव्हा शब्दांत फरक असले तरी भाषा एकच असल्याचं दिसलं. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत २००१ साली या भाषेचा स्वतंत्र कक्ष निघाला. दिल्लीला २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र झालं, आणि त्याचा शब्दकोश २०२१ पर्यंत १०,००० शब्दांवर गेला. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने या भाषेच्या प्रमाणीकरणाचं आश्वासन दिलं. अधिकृत भाषेचा दर्जा अजून नाही. ती मागणी कर्णबधिर संघटना वर्षानुवर्षं करताहेत.

भरताने अभिनयाचे चार प्रकार सांगितले. आपला नाटकवाला खुणांची भाषा बघतो आणि तिला ‘आंगिक’च्या खणात टाकतो. ती वाचिक आहे. अंगाने होते, पण वाचिक आहे. तिच्यातही उच्चार स्वच्छ असावा लागतो, पुटपुटणं असतं, ग्राम्य आणि नागर बोली असते. कर्णबधिर नटाचा आंगिक अभिनय याच्यापेक्षा वेगळा, वरून आणखी करायचा. ही एक गोष्ट पटली की नृत्यदिग्दर्शकाने ‘हात जरा सुंदर कर’ म्हणून खुणेचा आकार बदलण्याचा प्रकार थांबेल. हात सुंदर झाला आणि ‘आई’चं ‘खुर्ची’ झालं, तर कुणाला चालेल?

मग नाट्यपद हातांवर कसं आणायचं? साध्या वर्णनपर पदाचं फारसं अवघड नाही. समजा ओळीचा अर्थ एवढाच आहे की नदीला पूर आला. दोन्ही तळहात पालथे, बोटं हलती, कमरेच्या उंचीवर पाणी वाहतं आहे. पुन्हा ओळ आली की तेच पाणी छातीपर्यंत चढतं. तिसऱ्यांदा एक हात काठ होऊन आडवा उभा राहतो आणि दुसरा हात त्यावरून ओसंडतो. चौथ्यांदा काठच वाहून जातो, चेहऱ्यावर आता बघणाऱ्याची भीती. गायक एकच ओळ चार वेळा निरनिराळ्या जागा घेत म्हणतो, तेव्हा हातांनाही चार वेळा म्हणायला नवं काही असतं. अमेरिकन संगीत नाटकाची गाणी ओळीमागून ओळ धावतात. खुणा करणाऱ्याची त्यात दमछाक होते. १९७० च्या दशकात अमेरिकेत झालेल्या संशोधनात दिसलं की एक खूण करायला एक शब्द बोलण्याच्या साधारण दुप्पट वेळ लागतो, पण पुरा आशय सांगायला दोन्ही भाषांना वेळ सारखाच लागतो, कारण खुणांची भाषा एकाच वेळी अनेक गोष्टी सांगते. म्हणजे शब्दाला शब्द लावला की नट मागे पडणार, आशयाला आशय लावला की बरोबर पोचणार. आपलं नाट्यपद तर एकाच ओळीवर घोळणारं. आलाप-तानेत शब्दच नसतात, तिथे हातांना विस्ताराला हवी तेवढी मोकळीक. या एका बाबतीत ब्रॉडवेपेक्षा आपली जागा जास्त सोयीची आहे.

लयीचंही तसंच. आपल्या संगीतात तालाची खुणांची भाषा आधीपासून आहे. तीनतालाच्या १६ मात्रा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे हात फिरवून नुसता मोकळा सोडायचा. बैठकीत रसिक मांडीवर हे धरत असतात. तबलजी आणि एक ताल धरणारा माणूस कर्णबधिर नटाच्या नजरेच्या टप्प्यात बसवला, तर त्याला सम दिसते. गायकाची तान समेवर येते त्याच क्षणी हाताची खूणही मिटते. हे एकदा साधलं की प्रेक्षागृहातून जो उद्गार निघेल तो दयेचा नसेल. यासाठी साथसंगत खड्ड्यात किंवा विंगेत ठेवून चालणार नाही, ती रंगमंचावर घ्यावी लागेल. कथकलीत गायक-वादक नटाच्या मागे उभेच असतात आणि नट चोवीस मूळ मुद्रांवर अख्खं पद बोलतो. पण त्या मुद्रा कर्णबधिर समाजाच्या रोजच्या भाषेतल्या नाहीत, तेव्हा तिथून घ्यायची ती मांडणी, शब्द नव्हेत.

बाकी व्यवहाराच्या अडचणी पुष्कळ. ब्लॅकआउट झाला की संवाद बंद. नटाने पाठ केली की तो मुका झाला. हातात तबक दिलं की त्याची जीभ बांधली. संगीत नाटकाचा जरतारी शालू दिव्यात चमकतो आणि त्यापुढे हात हरवतो. साध्या, एकरंगी, हाताच्या रंगापासून वेगळ्या उठणाऱ्या कपड्याशिवाय गत्यंतर नाही, बांगड्यांवरही कात्री लावावी लागेल. दोन पात्रं समोरासमोर बोलायला लागली की बाजूच्या खुर्च्यांवरून एकाचे हात दिसत नाहीत. ऐकू येणारा नट स्वतः बोलत बोलत खुणा करू लागला तर दोन व्याकरणं एकमेकांत अडकतात आणि दोन्ही भाषा लंगडतात. त्याने एका वेळी एकच बोलावं हे बरं. आणि सगळ्यांत वाईट उपाय म्हणजे सगळं नाटक जसंच्या तसं ठेवून रंगमंचाच्या कोपऱ्यात एक दुभाषी उभा करणं. कर्णबधिर प्रेक्षकाची मान टेनिसची मॅच बघितल्यासारखी दुखायला लागते. प्रशिक्षित दुभाषी मुळात थोडे. नाटक समजणारे त्याहून थोडे.

पैशाचं गणित तर सरळच आहे. एका भूमिकेला दोन नट म्हणजे दोन नाइटा, प्रयोगागणिक दोन मानधनं. महिना-दीड महिन्याच्या तालमींच्या आधी संहिता हातांवर आणायला आणखी दोन-तीन महिने. शनिवार-रविवारच्या प्रयोगांवर चालणारा व्यावसायिक निर्माता यात पडणार नाही, आणि त्याला दोष देण्यातही अर्थ नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलाकारांना साहाय्य आणि कला सर्वांना उपलब्ध करून देणं ही सरकारची जबाबदारी म्हटली आहे. चित्रपटांसाठी २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राने उपशीर्षकं आणि ध्वनिवर्णनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. नाटकाच्या वाट्याला अशी तत्त्वं आलेली नाहीत.

अंध कलाकारांची मराठी रंगभूमी यापेक्षा पुढे गेली आहे. स्वागत थोरात यांनी ‘अपूर्व मेघदूत’ सर्वस्वी अंध कलाकारांना घेऊन केलं आणि रसिकांनी ते नाटक म्हणून पाहिलं. कारण उघड आहे. अंध नट आणि डोळस प्रेक्षक यांची भाषा एकच असते. कर्णबधिर नट रंगमंचावर आला की भाषा दोन होतात, आणि दोन भाषांच्या नाटकात कुणाची भाषा आधी, हा प्रश्न टाळता येत नाही.

कर्णबधिर समाजातही याबद्दल एकमत नाही, हे नीट लक्षात घेतलं पाहिजे. काही जण विचारतात की संगीताचा हट्ट कशाला? संगीत ऐकू येणाऱ्यांचं. आमच्या भाषेत कथा सांगण्याच्या, विनोदाच्या, हातांच्या यमकाच्या आमच्या रीती आहेत, त्यांचं नाटक करा. ऐकू येणारी मंडळी चार खुणा शिकून गाण्यांचे व्हिडिओ टाकतात आणि लाखो लोक ते बघतात, याची चीडही रास्त आहे. उलट लहानपणीच कॉक्लिअर इम्प्लांट झालेली मुलं आता वाढत आहेत. दिव्यांगांना साहाय्यक साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून ती शस्त्रक्रिया गरीब घरांपर्यंत पोचली. त्यातल्या कित्येकांना गाणं कुठल्या तरी रूपात ऐकू येतं, खुणा मात्र येत नाहीत. उद्याच्या नाटकात हे दोघेही असतील. मला वाटतं संगीताची सक्ती कोणावर नको, पण ज्या कर्णबधिर नटाला संगीत नाटक करायचं आहे त्याला ‘हे तुझं नव्हे’ म्हणण्याचा अधिकार ऐकू येणाऱ्याला तर नाहीच.

आणि ऐकू येणारा म्हणजे तरी कोण? पावणे-तुर्भे-रबाळ्याच्या कारखान्यांत प्रेस आणि कॉम्प्रेसरपाशी तीस वर्षं काढलेला माणूस निवृत्त होतो तोवर वरच्या पट्टीतले आवाज त्याच्या कानांतून गेलेले असतात. गोंगाटाने येणारं बहिरेपण १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांमध्ये नोंदलं गेलं होतं. हाच माणूस रविवारी नाटकाला जातो, पहिल्या पाच रांगांतलं तिकीट मागतो, आणि विनोद झाला की बाजूचा हसल्यावर हसतो. खुणा त्याला येत नसतील, पण नेपथ्याचाच भाग करून दाखवलेल्या मराठी उपशीर्षकांचा फायदा कर्णबधिरांइतकाच त्याला होईल.

म्हणून सुरुवात या पट्ट्यातून करावी, असं सुचतं. महाप्याला १९७७ पासून काम करणाऱ्या हेलन केलर संस्थेची कर्णबधिर-अंध मुलांची शाळा आहे, जिथे भाषा तळहातावर बोलली जाते. वाशीला महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, आणि तिथून जवळच विष्णुदासांच्या नावाचा रंगमंच. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांची जुनी सवय इथल्या कामगार मंडळींना आहे. तीन तासांचं ‘सौभद्र’ कोणी करू नये. तीस-पस्तीस मिनिटांची एकांकिका, चार पदं, दोन कर्णबधिर नट, दोन गाणारे, एक तबला, एक ऑर्गन, आणि संहितेवर पहिल्या वाचनापासून बसलेला एक कर्णबधिर साइन मास्टर, ज्याला मानधन लेखकाएवढं मिळेल.

त्यातली गाठ मला परीक्षणाची दिसते. स्पर्धेत अशी एकांकिका उतरली तर तीन परीक्षकांपैकी किती जणांना खुणांची भाषा कळेल? भूमिकेला गुण द्यायचे तर कुणाला, हात चालवणाऱ्याला की आवाज देणाऱ्याला, की दोघांना मिळून एक? नट वाक्य विसरला आणि हातांनी भलतंच काही बोलून वेळ मारून नेली, तर ते पकडणार कोण? नियमावलीत एवढं लिहून घेतलं पाहिजे की अशा प्रवेशिकेसाठी एक परीक्षक कर्णबधिर असेल आणि वाचिक अभिनयाचे गुण तोच देईल.